लाख प्रेक्षक, एक आंघोळ

२ ऑगस्ट, शनिवार

तिसरं कौल पडलं! ह्या आठवड्यातलं तिसरं. आधीची दोन मोरीवर पडली होती, हे मात्र थेट सोयाबीनच्या टेंपेच्या चकत्यांच्या परातीत. उद्या तळून विकायच्या त्या. लारास खोलीतून ओरडली, "आई, नीट वाजलं का?" मी म्हटलं, "वाजलं. आणि फुटलंही."

तिचं नवं गाणं तयार झालंय. नाव काय, तर 'गेन्तेंग' – म्हणजे कौलच! नाव तरी प्रामाणिक आहे. तेवीस वर्षांची घोडी. दोन वर्षं आजाऱ्यांच्या शुश्रूषेचं शिकली, आता मोबाइलच्या दुकानात काम करते आणि घरी आली की तो जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन धम्-धम्. मला मुद्दाम बसवून ऐकवलं. मी डोळे मिटून वाट बघत बसले. बराच वेळ गेला. विचारलं, कधी सुरू होतंय? तर म्हणे, "आई, दोन मिनिटं झाली सुरू होऊन."

शब्द नाहीत, गाणारं माणूस नाही, सगळा कारभार यंत्राचा. मधेच एकदम गप्प होतं – मला वाटलं लाइट गेली – आणि मग असा दणका येतो की पोटातला भात जागा सोडतो. म्हणे तोच तर खरा भाग! गावातली ट्रकवाली पोरं त्यावरच खूश आहेत. ट्रकवर घराएवढी स्पीकरची भिंत रचून मिरवणुका काढतात ना, ती. सतरा तारखेला आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत हेच लावणार आहेत.

ह्यांनीही ऐकलं. सिगारेट विझवून म्हणाले, "ढगही असेच वाजतात. पण नंतर पाऊस तरी पडतो." ह्यांना ढगांपलीकडे काही सुचत नाही. तीस वर्षं लोकांच्या लग्नांतून, सभांतून पाऊस अडवायचं काम करतात. पाक तुकिरान, म्हणजे तुकिरानकाका, असं ह्यांचं नाव घेतलं की मलंग शहराच्या दक्षिणेला कोणीही घर दाखवील.


३ ऑगस्ट, रविवार

एजंटबाई येऊन गेल्या. लारासची तैवानची जागा पक्की झाली. एका म्हातारीची देखभाल, करार तीन वर्षांचा, विमान सहा सप्टेंबरचं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवा म्हणाल्या. मी त्यांना कॉफी दिली आणि साखर घालायची विसरले. विसरले की काय कोण जाणे.

आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरातली बाई बाहेरदेशी आहे. घरं बघावीत – फरशा, रंगीत खांब, लोखंडी फाटक! आणि आत कोण, तर एक आजोबा आणि टीव्ही. मला नको असलं घर. मला माझी पडकी कौलं बरी.

बाई गेल्यावर हे लारासला म्हणाले, "त्या गाण्याचा व्हिडिओ कर. महिनाअखेरपर्यंत लाख लोकांनी बघितला तर तुझ्यात दम आहे असं मी समजेन. तैवान रद्द. नाही बघितला तर खुशाल जा." लारास हसली आणि म्हणाली, "हो, बाबा."

लाख! आमच्या गावात कोंबड्या धरूनसुद्धा दोन हजार भरत नाहीत.

हे वरून अगदी ताठ. पण मग पाठ फिरवून सिगारेट पेटवायला लागले, तर तीन काड्या वाया गेल्या. मला दिसतं हो सगळं. माणसाने सरळ म्हणावं ना, पोरी, जाऊ नकोस! पण नाही. पैज लावतात!


५ ऑगस्ट, मंगळवार

लाखावर शून्यं किती? लारासला विचारायची लाज वाटली. लिहून बघितलं. पाच. फार आहेत.


७ ऑगस्ट, गुरुवार

सुराबायाहून व्हिडिओवाला आला. मास बागास, म्हणजे बागासदादा. लारासच्या शिक्षणाच्या वेळचा मित्र, फुकट करून देतोय. केसांचा अंबाडा घालतो आणि तो माझ्यापेक्षा चांगला बसतो! आल्या आल्या कौलं बघून म्हणाला, "वा! मार्सीकाकू, ही अशीच राहू द्या." पहिला पाहुणा, ज्याने माझ्या छपराची स्तुती केली.

रविवारी मैदानात शूटिंग. ट्रक येणार, पोरंपोरी नाचणार, आणि मला दारात परात घेऊन उभं राहायचंय. दणका बसला की कौल पडणार आणि मी वर बघायचं. मी म्हटलं, हे मला शिकवायला नको, रोजची सवय आहे.

हे खाकरले. म्हणाले, "पावसाचं काय?" बागास म्हणाला, "पाक, ऑगस्ट आहे, कोरडा ऋतू. फोनवरही पाऊस दाखवत नाही." हे नुसते हसले. डॉक्टरला कोणी झाडपाल्याचं औषध सांगावं तसे. "फोनला कोण विचारतंय? मुलीच्या कामाला बाप नाही उभा राहणार तर कोण?"

झालं! म्हणजे उद्यापासून ह्यांचा उपास, आणि काम पार पडेपर्यंत आंघोळ बंद. ह्यांची आणि यजमानाचीही. पाण्याला हात लावला की वरचं पाणी ओढ घेतं, असा नियम. आणि यजमान कोण? अर्थात मी!


८ ऑगस्ट, शुक्रवार

तळणाचा धूर, घाम, आणि आंघोळ नाही. मांजर माझ्याजवळ येऊन, वास घेऊन परत गेलं.

लारासही नियम पाळतेय. तिला म्हटलं, तुझा विश्वास आहे का ह्यावर? म्हणाली, "बाबांचा आहे ना." अशी बोलते कधीकधी.


९ ऑगस्ट, शनिवार

आभाळ लख्ख. ह्यांची मान ताठ. माझ्या डोक्याला खाज.


१० ऑगस्ट, रविवार

लिहिते आहे खरी, पण हे पान कोणाच्या हाती लागू नये!

सकाळपासून मैदान भरलेलं. ट्रक आला तेव्हा वाटेतल्या दोन फाटकांचे खांब मालकांनीच आपल्या हाताने काढून ठेवले, नाहीतर स्पीकरची ती भिंत जाते कुठून? हे मैदानाच्या कोपऱ्यात. झाडू उलटा रोवलेला, त्याच्या काड्यांना मिरच्या आणि छोटे कांदे टोचलेले, उदाचा धूर. दोन दिवस पोटात काही नाही, डोळे खोल गेलेले. मला कौतुक वाटलं ह्यांचं. तोंडावर बोलणार नाही.

दुपारी माझी पाळी जवळ आली. तेवढ्यात शेजारची कासियेम आली – ठेवणीतला कबाया, तोंडाला पावडर, केसांत फूल. तिला कोणी बोलावलंही नव्हतं! मला वरून खाली बघून म्हणाली, "मार्सी, अशीच उभी राहणार? वास कॅमेऱ्यात येत नाही म्हणा. पण तळलेली दिसतेस गं."

लाख लोक बघणार. लाख! आणि मी तळलेली?

मोरीत गेले. म्हटलं फक्त तोंड. मग म्हटलं दोन तांबे, दोन तांब्यांनी काय आभाळ फाटतंय? मग साबण दिसला.

फाटलं! केस पुसून परात घेऊन दारात आले, तर दक्षिणेकडून काळंभोर. वारा सुटला. मैदानात गाणं अगदी त्या गप्प होण्याच्या जागी आलं होतं – सगळं शांत, पोरं हात वर करून थांबलेली – आणि थेंब पडले टपटप. ट्रकवाली पोरं "ताडपत्री! ताडपत्री!" ओरडत स्पीकरवर चढली. लारास लॅपटॉप पोटाशी धरून ट्रकखाली; गाणं ट्रकवरून चालूच.

आणि हे! उघडे, लुंगी खोचलेली, उलटा झाडू दोन्ही हातांत घेऊन मैदानाच्या मधोमध धावले. आभाळाला दम देत होते. "तिकडे जा! तिकडे! लाज नाही वाटत? माझ्या पोरीचं काम आहे!" पाय आपटला – आणि नेमका तेव्हाच त्या गाण्याचा दणका आला. पुन्हा आपटला, पुन्हा दणका. मग घसरले, धपकन बसले, मिरच्या उडाल्या. उठले. पुन्हा झाडू वर. पोरांना वाटलं हा नाचच आहे, तीही मागे उभी राहून पाय आपटायला लागली. बागास चिखलात पालथा पडून सगळं टिपत होता.

पाऊस थांबल्यावर ह्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "कोणी आंघोळ केली?"

अख्खं गाव ओलंचिंब! कोण काय सांगणार? मीही इतरांसारखी ओढणी पिळत उभी राहिले.


११ ऑगस्ट, सोमवार

हे दिवसभर कोंबड्यांपाशी. मी चुलीपाशी. टेंपे करपले.


१४ ऑगस्ट, गुरुवार

बागासने व्हिडिओ तयार करून पाठवला. प्रकाशित करायच्या आधी लारासने ह्यांना दाखवला. सुरुवातीला आमचं छप्पर, मी, परात (पाऊस थांबल्यावर टिपलेली), मग ट्रक, पोरं – आणि अर्ध्यापासून पुढे हेच! नुसते हेच. झाडू, लुंगी, चिखल.

ह्यांनी तीनदा बघितला. मी स्वयंपाकघरातून कान लावून.

"लोक हसतील?"

"हसतील, बाबा. तुम्ही म्हणाल तर काढते तो भाग. खरंच काढते."

"लाख लोक हसतील?"

"हसतीलसं वाटतं."

"मग राहू दे."

मी हातातली पळी खाली ठेवली. तीस वर्षं ह्या माणसाला वाळलेल्या बांबूसारखा म्हणत आले! लारासने लॅपटॉप मिटला. मग नुसतं "हो" म्हणाली आणि उठून गेली. तिचे डोळे भरले होते. मला बरं वाटलं – म्हटलं, कळलं पोरीला, बाप किती जपतो ते.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

चार हजार! त्यातले वीस तर मीच.

लारास म्हणते, एकाच माणसाने पुन्हा पुन्हा बघितलं तर ते धरत नाहीत. मग आधी सांगायचं ना! अंगठा दुखतोय.


१७ ऑगस्ट, रविवार

मिरवणूक. कौलं सकाळीच उतरवून ठेवली, शहाणपण येतं माणसाला. ट्रक आमच्या दारापुढे थांबला, 'गेन्तेंग' लावलं, आणि मागे बघते तर साठ-सत्तर पोरं, प्रत्येकाच्या हातात उलटा झाडू! मिरच्या टोचलेले. सरपंचसुद्धा पाय आपटत होते, त्यांची टोपी गटारात गेली. बाजारात म्हणे मिरची संपली.

ह्यांना सगळे 'पाक झाडू' म्हणायला लागले. हे दारात उभे. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एका पोराला म्हणाले, "झाडू असा नाही धरायचा. मूठ वर." आणि नीट धरून दाखवला.

एकतीस हजार.


२० ऑगस्ट, बुधवार

आज ह्यांच्या हातचं तिसऱ्या लग्नाचं काम गेलं. आधी वागिर गावचं, मग दांपितचं, आज आमच्याच गावातलं. निरोप अगदी गोड. "पाकना आता त्रास कशाला?" कोणी तोंडावर बोलत नाही, पण सगळ्यांनी बघितलंय – पाऊस अडवणारा पावसात धपकन बसतो! मग कोण बोलावणार?

हे प्रत्येकाला एकच सांगतात. "वय झालं हो. विद्या उतरते माणसाची." आणि निरोप आणणाऱ्याला कॉफी पाजून पाठवतात.

मला जेवण गेलं नाही. विद्या नाही उतरली. साबण नडला.


२१ ऑगस्ट, गुरुवार

सांगून टाकलं. सकाळी, हे कोंबड्यांना दाणे टाकत होते तेव्हा. म्हटलं, अहो, ती आंघोळ मी केली होती.

ह्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे. साबणाचा वास येत होता तुझ्या केसांना. एवढ्या चिखलात तू एकटीच मोगऱ्यासारखी."

मग गावाला का नाही सांगितलंत? माझ्यामुळे तुमचं नाव गेलं!

"लारासच्या आई, नाव माझं. कोणावर घालवायचं ते मी ठरवीन." मग उरलेले दाणे टाकून, "आणि पोरगी राहिली तर नाव घेऊन काय करायचंय?"

मी आत येऊन चुलीपाशी रडले. धुराने, असं कासियेमला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नसावा.


२४ ऑगस्ट, रविवार

अठ्ठावन्न हजारांवर गाडी अडली. दोन दिवस जागची हलत नाही.

लारासने मला व्हिडिओ कॉल करायला शिकवला. मी म्हटलं, तू शेजारच्या खोलीत असतेस, हाक मारली तरी ऐकू येतं! म्हणाली, "शिकून ठेव गं, उपयोगी पडतं." तीनदा करून बघितला. तिसऱ्यांदा माझं फक्त कपाळ दिसलं. खूप हसलो दोघी.

तिला मात्र आकडा बघायची घाई नाही. विचारलं तर म्हणते, होतील तेवढे होतील. नजर लागू नये म्हणून बोलत नसेल. शहाणी आहे.


२८ ऑगस्ट, गुरुवार

आज बायकांच्या प्रार्थनापठणाच्या बैठकीत मी उभी राहिले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, बायांनो, माझी लेक तैवानला चाललीय. अडवायची असेल तर हा व्हिडिओ बघा आणि आपापल्या बाहेरदेशीच्या लेकीसुनांना पाठवा. त्या त्यांच्या मैत्रिणींना पाठवतील. पठण संपल्यावर बघा हं, आत्ता नको.

कोणी ऐकलं नाही. पुढच्या ओळीत कोणाच्या तरी मांडीवरून दणका आलाच. पठण सांगणाऱ्या बाई थांबल्या, चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार! तर म्हणाल्या, "मलाही पाठव. हाँगकाँगला माझ्या तीन भाच्या आहेत."

निघताना कासियेमने हात धरला. तिची सून सौदीला आहे, सहा वर्षं. चेष्टा नाही, टोमणा नाही. "तुझी राहू दे गं," एवढंच.

एकोणसत्तर हजार.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

हाँगकाँग, तैवान, सौदी, मलेशिया – सगळीकडून! कुठल्या तरी बागेत रविवारच्या सुट्टीला जमणाऱ्या आमच्या बायकांनी ओळीत उभं राहून पाय आपटलेत. हातात छत्र्या. एकीने खाली लिहिलंय, "हे छप्पर बघून घर आठवलं." माझं छप्पर! मी लारासला दाखवलं. तिने तो बायकांचा तुकडा सात-आठ वेळा बघितला. आपल्या गाण्यावर कोणी नाचलं की कौतुक वाटणारच.

ब्याण्णव हजार.


३० ऑगस्ट, शनिवार

लाख! लाख! लाख!

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. फोन माझ्याच हातात होता. मी ओरडले, कढईतल्या चकत्या तशाच टाकून अंगणात धावले. कासियेम धावली, ट्रकवाली पोरं धावली, मांजर पळालं. कोणीतरी ताट वाजवलं. हे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होते. फोन हातात घेतला, लांब धरून शून्यं मोजली, पुन्हा मोजली. आणि मग ह्या माणसाने – लग्नातसुद्धा ज्याने दात दाखवले नव्हते – पाय आपटला! एकदाच. झाडू नव्हता, तरी. पोरांनी कल्ला केला.

मी पिवळा भात रांधला, डोंगरासारखा उंच रचला, वर लाल मिरची. गल्लीभर वाटला. लारास सगळ्यांच्या पाया पडत होती, हसत होती. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मात्र तिला रडूच आवरेना. हेही गहिवरले. म्हणाले, "जिंकलीस, पोरी. उद्या सकाळी एजंटबाईंना मीच फोन करतो. तू नको त्रास घेऊस." ती म्हणाली, "हो, बाबा."

मी आज देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं काही उरलंच नाही.


३१ ऑगस्ट, रविवार

ह्यांनी फोन उचलला. लारासने त्यांच्या हातावर हात ठेवला. "नका लावू, बाबा. मला जायचंय. आधीपासून जायचंय."

आमच्याकडे मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. तिनेही आजवर कधी म्हटलं नव्हतं. हे म्हणाले, "मग पैजेला हो का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा? सांगितलंत."

ह्यांनी फोन खाली ठेवला. शेवटी मीच विचारलं, मग ते गाणं कशाला केलंस?

म्हणाली, "जाण्याआधी एकदा माझं काहीतरी इथे मोठ्याने वाजावं, म्हणून केलं, आई."